पेपर तपासताना नाव झाकून ठेवा

सहामाहीचे पेपर वाटून झाले की या सदराकडं पत्रं जास्त येतात. या वेळी शिक्षकांची पत्रं पालकांपेक्षा जास्त आहेत आणि बहुतेकांचा विषय एकच आहे : गुण. काही पत्रं लांब होती, त्यांतला मुख्य प्रश्न तेवढा घेतला आहे. नावं आणि शाळा नेहमीप्रमाणे गाळल्या आहेत.

प्रश्न : मी कोल्हापुरात शिवाजी पेठेजवळच्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला भूगोल शिकवतो. नोकरी नवीन आहे. संध्याकाळी गांधी मैदानावर वर्गातल्या काही मुलांबरोबर फुटबॉल खेळतो. सोमवारी वर्गात मॅचवर चार शब्द होतातच. मुलं माझ्याशी मोकळेपणानं बोलतात, याचा मला आनंद आहे. पण परवा पेपर वाटल्यावर एक मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘सर, तुम्ही फुटबॉलवाल्यांना मार्क वाढवून देता.’ मी तसं केलेलं नाही. आता मुलांबरोबर खेळणं बंद करू का?

उत्तर : खेळणं अजिबात बंद करू नका, सर. मंगळवार पेठेत भूगोल आणि मराठी शिकवताना मी हेच पाहत आले की ज्या शिक्षकाशी मुलं वर्गाबाहेर बोलतात, त्याच्या तासाला ‘समजलं नाही’ म्हणायला ती घाबरत नाहीत. ही कमाई एका वाक्यापायी घालवू नका.

पण त्या मुलीचं वाक्यही हलक्यात घेऊ नका. तुमच्या मनात काय आहे ते तिला दिसत नाही. तिला दिसतं ते एवढंच : सर वर्गात येतात, मागच्या बाकाकडं बघून पाटाकडील-दिलबहार या फुटबॉल संघांच्या मॅचचा विषय काढतात, चार मुलं हसतात, मग हजेरी सुरू होते. ती मॅचला गेलेली नाही. कदाचित तिला घरातून सोडतही नसतील. त्या पाच मिनिटांत वर्गातल्या निम्म्या मुलांना, आणि जवळजवळ सगळ्या मुलींना, बोलण्यात जागाच नसते. पुढच्या तासाला पेपर हातात पडतात. संशय यायला आणखी काय लागतं?

तेव्हा पहिलं काम हे की, मैदान ही ओळखीची एकमेव वाट ठेवू नका. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात थांबा. केएमटीनं लांबून येणाऱ्या मुलींना बस वेळेवर मिळते का विचारा. जी मुलं कधीच बोलत नाहीत त्यांची यादी वहीच्या मागच्या पानावर करा आणि आठवड्याभरात त्यांतल्या प्रत्येकाशी अभ्यास सोडून एखादा शब्द बोला. मॅचचा विषय मैदानावर काढा. वर्गात काढायचाच असेल तर सगळ्यांना भाग घेता येईल असा काढा.

दुसरं काम गुणदानाचं, आणि इथं मी जरा सविस्तर लिहिते, कारण खरी दुरुस्ती तिथं आहे.

आपण पक्षपात करत नाही असं प्रत्येक शिक्षकाला वाटतं. मुद्दाम करणारे थोडेच असतात, हे मीही मानते. पण १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी इंग्रजीचे तेच ते पेपर कितीतरी शाळांतल्या शिक्षकांकडं तपासायला पाठवले, तेव्हा एकाच पेपरला कुणी १०० पैकी साठ-पासष्ट दिले तर कुणी नव्वदच्या पुढं. भाषेचा विषय आहे, असं होणारच, असा आक्षेप आला. म्हणून पुढं त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, तर तिथं फरक आणखी मोठा निघाला. त्या शिक्षकांना मुलाचं नाव-गाव काही माहीत नव्हतं. तुम्हाला तर हा पेपर आपल्या गोलकीपरचा आहे हेही माहीत असतं. म्हणून स्वतःच्या चांगल्या मनावर भरवसा न ठेवता पद्धत अशी ठेवा, की मनात असलं तरी पक्षपात करता येऊ नये.

पेपरांचं पहिलं पान मागं दुमडून टाचणी लावा, म्हणजे नाव दिसणार नाही. अक्षर ओळखू येतं, हे खरं. तरी नाव न दिसण्यानं बराच फरक पडतो. एकेक पेपर पुरा करत जाऊ नका. आधी सगळ्या वर्गाचा पहिला प्रश्न तपासा, मग गठ्ठा खालीवर करा, मग सगळ्यांचा दुसरा. असं केलं की पहिल्या उत्तरानं झालेलं मत दुसऱ्या उत्तरावर सांडत नाही, आणि रात्री अकराला दमलेल्या हाताखाली नेहमी त्याच शेवटच्या दहा मुलांचे पेपर येत नाहीत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, गुण कशाला द्यायचे हे पेपर काढतानाच लिहून ठेवा. नववीच्या सहामाहीला मी एकदा प्रश्न घातला होता : ‘पंचगंगेला पूर येण्याची कारणे लिहा.’ गुण ४. प्रश्नाखालीच माझ्या वहीत गुणदान लिहिलेलं होतं. गगनबावडा-राधानगरीकडं सह्याद्रीवर पडणारा जोराचा पाऊस, १. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या नद्यांचं पाणी एकाच पात्रात येणं, १. खाली नृसिंहवाडीला कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेला येणारा फुगवटा, १. पूररेषेच्या आत झालेली बांधकामं आणि भराव, १. धरणातून सोडलेल्या पाण्यासारखं दुसरं बरोबर कारण कुणी लिहिलं, तर तेही यांतल्या एकाच्या जागी धरायचं.

त्यातली दोन उत्तरं मला अजून आठवतात. एक दीड पानाचं होतं, सुरेख अक्षर, मथळ्याखाली स्केचपेननं रेघ. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, बोटी, शिबिरं, दूध-भाजीचा तुटवडा, सगळं त्यात होतं. कारण मात्र एकच : पाऊस फार पडतो. दुसरं उत्तर चार-पाच ओळींचं, शाई पसरलेली. ‘वर गगनबावड्याला पाऊस लागला की पाणी एकदम येतंय. चिखलीला नद्या एक होत्यात. वाडीला कृष्णा भरली की आमचं पाणी पुढं सरकत न्हाई, मागं रेटतंय. आणि नदीकडंला भराव टाकून घरं बांधल्यात.’ पहिल्याला १ गुण मिळाला, दुसऱ्याला ४. गुणदान हाताशी नसतं तर स्टाफरूममधल्या बहुतेकांनी पहिल्याला ३ आणि दुसऱ्याला २ दिले असते, आणि कुणालाच ते चुकीचं वाटलं नसतं. अक्षर आणि लांबी यांना नकळत गुण जातात आणि बोलीभाषेचे नकळत कापले जातात. ‘न्हाई’च्या वर मी पेन्सिलनं ‘नाही’ लिहिलं, गुण कापला नाही. भूगोलाच्या पेपरात भूगोलाचे गुण. शुद्धलेखनाचे गुण मराठीच्या पेपरात, तेही आधी सांगून.

पेपर परत देताना गुणांच्या क्रमानं देऊ नका, आणि गुण मोठ्यानं वाचू तर मुळीच नका. एक अख्खा तास ठेवा. गुणदान फळ्यावर लिहा. एक चांगलं आणि एक अपुरं उत्तर नाव न सांगता वाचून दाखवा आणि वर्गालाच गुण द्यायला लावा. मग प्रत्येकानं आपला पेपर फळ्याशी ताडून पाहायचा. कुणाचा गुण राहिला असेल तर तिथल्या तिथं वाढवून सही करा. ‘सर, मला एक जास्त पडलाय’ असं एखादं पोर सांगत आलं, तर तो गुण काढून घेऊ नका. खरं सांगणाऱ्याचं नुकसान झालेलं वर्गानं एकदा पाहिलं, की पुन्हा कुणी सांगायला येणार नाही.

त्या मुलीला वर्गात उत्तर देऊ नका आणि आईवडिलांना तर नकोच बोलावू. या तासाला तिच्या बाकाजवळ जाऊन म्हणा, ‘तू विचारलंस ते बरं केलंस. तुझा पेपर आपण फळ्याशी जुळवून बघू.’ एवढं पुरे आहे.

एक गोष्ट पत्रात नाही, पण पहिल्या वर्षी सगळ्यांच्या हातून होते म्हणून लिहिते. उशिरा येणं, बडबड, वही न आणणं याचे गुण विषयातून कापू नका. त्यासाठी दुसरे उपाय आहेत. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केला आहे, म्हणून काही जण गुणांचीच छडी करतात. मग प्रगतिपुस्तकात ‘भूगोल ५२’ असं दिसतं आणि त्यातला भूगोल किती, बडबड किती, हे पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कळायला मार्ग उरत नाही.

प्रश्न : दहावीच्या तोंडी परीक्षेचे अंतर्गत गुण सगळ्यांना सरसकट १९-२० द्या, असं आम्हाला सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पण मी एकटीनं खरे गुण दिले तर माझीच मुलं मागं पडतील. काय करावं? (मराठीच्या शिक्षिका, करवीर तालुका)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, ताई. हे गुण किती वजनाचे आहेत ते राज्यानं एकदा पाहिलं आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले. २०१८ ला ८९.४१ टक्के असलेला दहावीचा निकाल २०१९ ला ७७.१० टक्क्यांवर आला. गुण परत सुरू केले आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के लागला. चढउताराला इतरही कारणं होती, अभ्यासक्रमही नवा होता. पण मुलांचं बोलणं-ऐकणं एका वर्षात इतकं वरखाली होत नसतं, हे तुम्ही आम्ही जाणतो.

एकटीनं गुण कापायला जाऊ नका. व्यवस्थेवरचा राग पंधरा वर्षांच्या पोरांच्या गुणपत्रिकेवर काढल्यासारखं होईल. तुम्ही दुसऱ्या टोकानं धरा. २० द्यायचेच आहेत ना? मग मुलांकडून वीसचं काम करून घ्या. जूनमध्येच सांगा की प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायचं आहे. विषय त्यांच्या जवळचे द्या : गुऱ्हाळावर गूळ कसा करतात, शाहू स्टेडियमवर पाहिलेला सामना, आजीकडून ऐकलेली पुराची हकीकत. गुण कशाला, तेही भिंतीवर लावा : मुद्दे क्रमानं आले का, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला का, ऐकणाऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं का. पहिल्या वेळी ज्याला ११ मिळतील त्याला काय राहिलं ते सांगून पुन्हा संधी द्या, लागली तर आणखी एक. जानेवारीपर्यंत बहुतेक मुलं सतरा-अठराच्या पुढं खरोखर जातात. तिसऱ्या प्रयत्नात मिळवलेले १८ आणि पहिल्याच प्रयत्नातले १८ यांत गुणपत्रिकेनं फरक करायचं काही कारण नाही. मुलाला आता ते येतं, हे महत्त्वाचं.

ज्याची बोबडी वळते किंवा जो अडखळतो, त्याला वर्गासमोर उभं करू नका. त्याचं बोलणं स्टाफरूममध्ये तुमच्या एकटीसमोर ऐका. गुणदान तेच ठेवा.

प्रश्न : दिवाळीनंतर आमच्या गावात बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात. या वर्षी चौथीत त्यांची काही मुलं आली. दाखला नाही, पहिल्या सत्राच्या नोंदी नाहीत. त्यांना श्रेणी कशी द्यायची? शून्य टाकलं तर वाईट वाटतं, आणि बाकीच्यांइतके गुण दिले तर तो इतरांवर अन्याय होईल. (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, कागल तालुका)

उत्तर : दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे. मुलाकडं स्थलांतरित मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड आहे का पाहा. नसेल तर आईवडिलांना मूळ शाळेचं नाव विचारून तिथल्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. पहिल्या सत्राच्या नोंदी बऱ्याचदा तिथं पडून असतात, मागणारं कुणी नसतं.

नोंदी मिळाल्याच नाहीत तर शून्य टाकू नका. शून्य म्हणजे मूल्यमापन झालं आणि काही आलं नाही. इथं मूल्यमापनच झालेलं नाही. जागा रिकामी ठेवून दाखल झाल्याची तारीख लिहा आणि केंद्रप्रमुखांना लेखी कळवा.

दुसऱ्या सत्रात मात्र तुमच्या हातात पुष्कळ आहे. ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं तिसरी-चौथीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या, मूल्यमापनाला ६० टक्के भार दिला तो याच कारणानं, की एका पेपरावर मूल तोलू नये. आठ साधनं दिली आहेत. आपण बहुतेक जण चाचणी आणि स्वाध्याय एवढीच वापरतो. या मुलांसाठी दैनंदिन निरीक्षण आणि तोंडी काम आधी वापरा. ऊसतोडीच्या घरातल्या मुलाला विचारा : एका मोळीत साधारण किती ऊस, गाडीत किती मोळ्या, मग गाडीत ऊस किती? वहीत गुणाकाराची मांडणी न येणारं मूल तोंडी हिशेब धडाधड सांगतं, असं पाहायला मिळतं. त्याची नोंद करा, तारखेसह : ‘तोंडी गुणाकार येतो, मांडणी शिकवायची आहे.’ ही नोंद खरीही आहे आणि उद्या काय शिकवायचं तेही सांगते. फुकटचे गुण तर यात कुठंच नाहीत, त्यामुळं इतरांवर अन्याय कसला?

हंगाम लवकर आटोपला तर मूल वार्षिक परीक्षेआधीच निघून जाईल. फेब्रुवारीपासून मुकादमाकडं तारखेची चौकशी ठेवा. जायच्या आधी त्याचं संकलित, म्हणजे सत्राअखेरचं, मूल्यमापन उरकता येईल का ते केंद्रप्रमुखांशी बोलून ठरवा आणि नोंदींची प्रत बापाच्या हातात द्या. पुढच्या वर्षी ते पाचवीत असेल आणि पाचवीला आता वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं, म्हणून या नोंदींना जास्तच किंमत आहे.

वर्गातली मुलं त्यांना ‘कोयत्याची पोरं’ म्हणत असतील तर पहिल्याच दिवशी थांबवा. त्यांना एका बाकावर एकत्र न बसवता चांगल्या बोलक्या मुलांशेजारी बसवा. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. त्या जिल्ह्यात मूल आपल्या पायांनी शाळेच्या दारात आलं आहे, हे मला फार मोठं वाटतं.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. लेखी पेपर चांगले गेले, तरी विज्ञानात ब-२ श्रेणी आली. संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यांच्या नातीला अ-१ मिळाली. मी तक्रार करू का? (एक आई, कसबा बावडा)

उत्तर : त्या नातीचा विषय आधी बाजूला ठेवा. तिचा पेपर तुम्ही पाहिलेला नाही, आणि तिच्या नावानं सुरू झालेलं बोलणं तुमच्या मुलीच्या अभ्यासापर्यंत कधी पोचणारच नाही.

ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के. सहावीला निम्मे गुण आकारिकचे असतात, म्हणजे प्रयोग, प्रकल्प, तोंडी काम, स्वाध्याय वगैरे. लेखी चांगली जाऊनही श्रेणी खाली आली, तर उत्तर बहुधा त्या निम्म्यात असतं. वर्गशिक्षकांकडं वेळ मागून जा आणि ‘गुण कमी का दिले’ असं विचारू नका. ‘तिच्या आकारिकच्या नोंदी दाखवाल का? तिचं नेमकं काय राहिलं?’ असं विचारा. नोंदवहीत तारखा असतील, ‘प्रयोगाची कृती सांगते, निष्कर्ष लिहीत नाही’ असं काही असेल, तर तुम्हाला कामाची गोष्ट मिळाली. सगळ्या वर्गाच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत भरलेल्या दिसल्या आणि मुलीबद्दल शिक्षकांना एक वाक्यही सांगता आलं नाही, तर मुख्याध्यापकांकडं जरूर जा. तो तुमचा हक्क आहे. मुलीला बरोबर नेऊ नका.

प्रश्न : मी प्रश्न विचारते तेव्हा सातवीच्या वर्गात ठरावीक तीनच मुलं हात वर करतात. बाकीचे गप्प. काय करू? (शिक्षिका, राजारामपुरी)

उत्तर : आधी घड्याळ बघा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या सुमारास वर्गातल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून पाहिलं की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर तयार असणारी मुलं दोन-तीनच असतात. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर उत्तरं लांब आली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात, सुरुवातीला मनात अंक मोजा.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे प्रश्न विचारून झाल्यावर एक मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्या, मग हात वर न करवता बाकाच्या क्रमानं विचारा. शेजाऱ्याचं उत्तर सांगितलं तरी चालेल, असं आधी जाहीर करा. म्हणजे चुकलं तरी एकट्याचं हसं होत नाही. उत्तर चुकलं तर लगेच ‘चूक’ म्हणून पुढं जाऊ नका. ‘हे कशावरून वाटलं?’ असं विचारा, आणि बरोबर उत्तरालाही कधीमधी हाच प्रश्न करा, नाही तर मुलं त्यावरूनच ओळखतात की आपलं चुकलं. त्या तीन मुलांनाही बाजूला घेऊन सांगा की त्यांची उत्तरं तुम्हाला हवीच आहेत, पण तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी हात वर करायचा नाही.